चढत्या क्रमातली वांगी

विद्यापीठाच्या महिला वसतिगृहात मला जी खोली मिळाली, तिच्यात दाराशीच वांग्यांचं पोतं होतं. पोत्याची मालकीण कॉटवर बसून काचेच्या नळ्यांना चिकटवायच्या चिठ्ठ्या कापत होती. मला पाहून म्हणाली, "या अक्का. पोत्याला पाय लागू देऊ नका, ते माझं चौथं प्रकरण आहे."

मी धुळ्याची. देवपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विद्यापीठातले संशोधक माहिती तंत्रज्ञान कशासाठी आणि किती वापरतात, हा माझा विषय. प्रश्नावल्या वाटायच्या, पाठपुरावा करून भरून घ्यायच्या आणि उत्तरं मोजायची, असं काम. त्यासाठी दर आठवड्याला दोन-तीन दिवस एसटीने जळगावला येऊन राहायचे.

ती जीवरसायनशास्त्राची. बोदवडजवळच्या खेड्यातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. एका ज्युनियर कॉलेजात शिकवायची आणि अभ्यासरजा घेऊन आली होती. रजा जूनपर्यंत होती. प्रबंध द्यायची मुदतही तेव्हाच संपणार होती. ती एकदा वाढवून झालेली, पुन्हा वाढणार नव्हती.

तिचा विषय भरताची वांगी. आमच्याकडे ती पऱ्हाटीवर भाजतात, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या काड्यांवर. शहरात गॅसवर भाजतात. वांग्यात पॉलिफेनॉल नावाचे गुणकारी घटक असतात; कोणत्या पद्धतीने भाजल्यावर ते किती उरतात, हे तिला मोजायचं होतं. वांगी तिचे चुलते पुरवत. त्यांना सगळे नाना म्हणत. पोतं रेल्वेत चढवून देताना नाना दर वेळी एकच विचारत, "वांगं भाजाले पीएचडी लागते का वं?"

भाजायचं काम विभागाच्या मागच्या अंगणात चाले. पऱ्हाटी पेटवायला प्रयोगशाळेतले मदतनीस भाऊ असत. धूर निघाला की शेजारच्या विभागांतली मंडळी डोकावून जात. भाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणत, "मॅडम, बठ्ठं चांगलं शे, पन ठेचा कोठे शे?"

ठेच्याचा प्रश्नच नव्हता. भाजलेला गर वजन करून, घोटून, त्याचा अर्क काढायचा. त्यात एक रसायन घातलं की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका घटक जास्त. मग नळी यंत्रात ठेवायची, यंत्र रंग मोजून आकडा दाखवतं. यंत्र जुनं होतं. आकडा दाखवायचं, पण लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक नमुना तीन वेळा मोजायचा, कारण एका वेळी हात चुकू शकतो.

मी फावल्या वेळात तिथे जाऊन बसायचे. सुरुवातीला माझ्या प्रबंधासाठी म्हणून, नंतर तिचं काम बघायला आवडायचं म्हणून. मोजणी अर्ध्यावर असताना वीज गेली, तर ती सगळ्या नळ्या ओतून द्यायची आणि वीज आल्यावर पहिल्यापासून सुरू करायची.  मी घरात आणि नोकरीत पुष्कळ कष्टाळू माणसं पाहिली आहेत, पण बहुतेकांना आपले कष्ट कुणीतरी बघावेत असं वाटतं. हिला मी तिथे आहे हेसुद्धा कधीकधी आठवत नसे.

तिच्याजवळ एक जाड रजिस्टर होतं. आकडे त्यात पेनाने. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, म्हणजे खालचा आकडा वाचता यावा. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: प्रयोगाच्या नोंदी थेट संगणकावर करता का? तिने 'नाही'वर खूण केली.

"तुमच्यासारख्यांमुळे माझा तक्ता मागासलेला दिसतो," मी म्हटलं.

"मग 'हो' लिहू का? तुम्हाला बरं वाटणार असेल तर लिहिते."

"लिहू नकोस, कर. आधी वहीत लिहायचं, मग तेच संगणकात घालायचं. दोनदा कशाला? तू आकडे सांग, मी टाइप करते."

ती लगेच तयार झाली नाही. पण जानेवारी होता, भरताच्या वांग्यांचा हंगाम ऐन भरात होता आणि तिला सगळी मुख्य मोजणी उरकायची होती. शेवटी म्हणाली, "बरं, बघू." मी जळगावात असेन त्या दिवसांत मोजणी ठेवून तीन आठवडे ती यंत्राशी उभी राहून आकडे सांगत गेली आणि मी शीटमध्ये भरत गेले. रजिस्टर टेबलावर बंद पडून होतं. काम निम्म्या वेळात झालं. मी खूष होते. माझा प्रबंध जे सांगत होता, तेच इथे डोळ्यांसमोर घडत होतं.

मोजणी संपली त्या दुपारी ती बाटल्या धुवायला गेली. मी शीट उघडून बसले होते. आकड्यांचा रकाना वर-खाली, वेडावाकडा दिसत होता. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा कोणता, ते मला बघायचं होतं. चोवीस वर्षं पुस्तकं लावण्यात गेलेला माझा हात. काही विस्कटलेलं दिसलं की लावून टाकायचं. मी रकाना निवडून चढत्या क्रमाने लावला. संगणकाने विचारलं, शेजारचे रकानेही हलवायचे का? मी न वाचता बटण दाबलं. शीट जपून ठेवली आणि शिस्तीत पेन ड्राइव्हवर दुसरी प्रतही काढली.

झालं होतं असं, की आकडे हलले आणि नमुन्यांची नावं जागेवर राहिली. कुणाचा आकडा कुणासमोर, याचा पत्ता नाही. मला ते कळलं नाही. यादीत सर्वांत वर वांग्याशिवायची कोरी नळी होती, तिच्यासमोर सर्वांत लहान आकडा आला, तो तिथेच असायला हवा होता. मग गॅसवरची वांगी, शेवटी पऱ्हाटीवरची. त्यामुळे मोठे आकडे सगळे पऱ्हाटीसमोर गेले.

आलेख बघण्यासारखा निघाला. विभागातल्या सादरीकरणात समितीने वाहवा केली. तिचे मार्गदर्शक सर एरवी मोजकं बोलणारे. तेही म्हणाले, "पऱ्हाटी जिंकली म्हणायची!" तिने नानांना फोन केला. नानांनी ती बातमी पारावर सांगितली आणि दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं की विद्यापीठाने आपल्या भरताला पास केलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ती प्रकरण लिहायला बसली होती. दुपारची वेळ. मी कॉटवर माझ्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे बांधत होते.

"अक्का, जरा इकडे या. या तीन आकड्यांकडे बघा."

मी बघितले. एकाच नमुन्याचे तीन आकडे.

"पहिल्यापेक्षा दुसरा मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसरा," ती म्हणाली. "आता खालचे बघा."

खालीही तसंच. त्याखालीही.

"मग चांगलं आहे की," मी म्हटलं.

"माझा हात इतका शिस्तीचा नाही. तीनदा मोजलं तर एखादा आकडा मागे-पुढे होणारच. इथे शेवटपर्यंत एकदाही मागे आलेला नाही." मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "तुम्ही हे लावलंय का?"

मला ती दुपार, ते बटण, सगळं आठवलं. मी सांगून टाकलं. पेन ड्राइव्ह काढून बघितला, त्यावरही लावलेलीच शीट होती. अर्क टाकून दिलेले, बाटल्या धुतलेल्या, रजिस्टर त्या मोजणीपुरतं कोरं. तीन आठवड्यांचं काम गेलं होतं आणि हंगाम संपत आला होता. पुढच्या हिवाळ्याची वाट बघावी, तर तोवर मुदतही संपलेली असणार.

मी व्यवहारी बाई आहे. त्या क्षणी जे सुचलं ते बोलले, ते लपवून उपयोग नाही. म्हटलं, "कदाचित निकाल खराही असेल. पऱ्हाटीचं सरस असेलही."

"असेलही," ती म्हणाली. "पण मला ते माहीत नाही ना."

 माझ्यावर चिडली नाही, रडली नाही. तोंड धुऊन आली, नानांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू ठेवला.

"नाना, वांगी आहेत का अजून?"

"परवा उपटाले माणसं सांगितले व्हते मी. काहून?"

"दोन सऱ्या ठेवा. सगळं पुन्हा करायचंय."

"आता बिया झाल्या त्यायले. चव नाही राह्यली."

"चव नको मला, नाना."

"मंग वांगं कायले पाहिजे तुले?" नाना वैतागले. पण दोन सऱ्या ठेवल्या.

सरांकडे आम्ही दोघी गेलो. मी आत जाताच चूक माझी आहे म्हणून सुरुवात केली. तिने मला थांबवलं. "शीट माझी होती सर, तपासायचं काम माझं होतं. समितीसमोर जे दाखवलं ते चुकीचं होतं, असं लिहून देते." सरांनी आलेखाचा कागद बाजूला ठेवला. मग एवढंच विचारलं, "मुदतीत होईल?"

"वांगी टिकली तर."

अर्ध्या पानाचं पत्र तिने त्याच दिवशी दिलं. समितीतल्या एका सदस्याने पुढे व्हरांड्यात तिला टोमणा मारला, "काय मॅडम, या वेळी कोण जिंकणार?" ती म्हणाली, "मोजल्यावर सांगते, सर."

मी कॉलेजात रजा टाकली. पुन्हा पोती आली, अंगणात पुन्हा धूर झाला. या खेपेला मी रजिस्टर घेऊन बसले. ती आकडा सांगायची, मी लिहायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे, मगच पुढची नळी. शीट रोज संध्याकाळी रजिस्टरवरून भरायची आणि दोघींनी पडताळायची. उन्हं वाढली तशी वीज रोज जाऊ लागली. एका दिवसात दोनदा नळ्या ओतल्या. भाऊ हळहळले, तशी ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही पऱ्हाटी संपू देऊ नका म्हणजे झालं." शेवटचं पोतं आलं त्यातली निम्मी वांगी किडकी निघाली. ती तिने एकेक चिरून बघितली, चांगली वेगळी केली आणि किती टाकली तेही रजिस्टरमध्ये लिहायला लावलं. वांगी हंगामाच्या शेवटची आहेत, हेही प्रबंधात स्पष्ट लिहिणार होती. मी म्हटलं, "अगं, तू स्वतःच्याच कामात खोडी काढते आहेस." ती म्हणाली, "बाहेरच्यांनी काढण्यापेक्षा बरं."

मार्च संपता संपता निकाल हाती आला. पऱ्हाटी आणि गॅस यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आलेखात दोन खांब जवळजवळ एका उंचीचे. मला ते बघून वाईट वाटलं. तिने मात्र एकाच नमुन्याचे तीन आकडे मागे-पुढे झालेले बघितले आणि म्हणाली, "हां, हा माझा हात."

मे महिन्यात तिने प्रबंध दिला. पहिली मोजणी का बाद केली, तेही त्यात एका परिच्छेदात होतं. माझं नाव तिथे नव्हतं. मी माझ्या प्रबंधात ती चूक माझ्या नावासकट घातली. शिवाय थेट संगणकावर नोंदी करता का याला ज्यांनी 'नाही' म्हटलं होतं, त्या सगळ्यांकडे पुन्हा गेले आणि का नाही, ते विचारलं. मी त्यांना एका फटक्यात मागास ठरवून मोकळी झाले होते. त्या प्रकरणाला आणखी सहा महिने लागले. लागू दे म्हटलं.

तिची तोंडी परीक्षा डिसेंबरात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो परिच्छेद वाचला होता. त्यांनी रजिस्टर मागवलं आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून पानं उलटत बसले. एका जागी आडवी रेघ मारलेला आकडा होता. त्यावर बोट ठेवून विचारलं, "हा का खोडला?"

"त्या वेळी वीज गेली सर. नळी यंत्रातच राहिली. खाली वेळ लिहिली आहे."

त्यांनी वेळ वाचली, रजिस्टर मिटलं आणि पुढचे प्रश्न सोपे विचारले.

दुपारी विभागामागच्या अंगणात भाऊंनी पऱ्हाटी पेटवली. नव्या हंगामाची वांगी घेऊन नाना स्वतः आले होते, आणि या वेळी ठेचाही होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरीत घेऊन नाना पुतणीच्या शेजारी बसले.

"मंग काय निघालं? गॅसचं आन् आपलं सारखंच?"

"जे मोजलं त्यात सारखंच, नाना."

नानांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. त्यांना हे पटलेलं नव्हतं. "आन् चव?"

"ती मोजली नाही."

"मंग लिव्ह ना तसं!"

"लिहिलंय. शेवटच्या पानावर. चवीचा अभ्यास या प्रबंधात केलेला नाही, असं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, मी ते पान वाचलं होतं. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि भाऊंकडून आणखी एक भाकरी मागून घेतली.