अणदूरच्या पुढचं गाव आणि न पिवळं झालेलं पाणी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं निघालात, तर नळदुर्गचा किल्ला गाठायच्या घाईत अणदूर मागं टाकू नका. खंडोबाचं देऊळ निवांत बघा. मी मात्र तिथं पहिल्यांदा गेले ते दर्शनाला नव्हे. साठच्या दशकातला उन्हाळा होता आणि मी सोलापूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. अणदूरच्या पुढं एका खेड्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आल्याचा, दोघं दगावल्याचा निरोप आला. तिकडं जायला कुणी उठेना. "मी जाते," म्हटलं. आईनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

एसटीत बाटल्यांची पेटी मांडीवर होती; खड्डा आला की माझाच जीव वर-खाली. अणदूरला स्वच्छता निरीक्षक गोविंदराव बैलगाडी घेऊन थांबले होते. काळ्या रानातली गाडीवाट, सावली कुठंच नाही.

"उकळलेलंच पाणी प्यायचं. नाहीतर तहान मारायची," त्यांनी बजावलं.

गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. गोविंदरावांनी तिच्यात सकाळीच ब्लीचिंग पावडर टाकलेली. काचेच्या नळीत पाणी घेऊन मी औषधाचे थेंब टाकले. पावडरीचा अंश शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. झालं. हायसं वाटलं.

घागरी घेतलेल्या बाया मात्र हलेनात. त्यांतल्या पारूबाई पुढं आल्या. "काय टाकायलाव ह्ये? ईख हाय का?"

मी त्यांच्यासमोर विहिरीचं पाणी शेंदून प्याले. मग घागरी बुडाल्या.

दुपारी पुन्हा तपासलं. रंग आलाच नाही. दुसरी नळी भरली. तीही कोरी.

"अजून पावडर टाकू," गोविंदराव म्हणाले.

"आधी पावडर खाऊन टाकणारी घाण येतेय कुठून ते बघू."

विहिरीला फेरी मारली. मागच्या अंगाला कठडा खचला होता. तिथंच पारूबाई लुगडी धूत होत्या आणि धुण्याचं पाणी फटीतून सरळ आत उतरत होतं.

"कुणाची लुगडी?"

"सुनंची. कालधरनं ढाळ लागल्यात तिला. अन् पोटात पानीबी ठरंना."

तेवढ्यात मागून माणसं आली. पुढं होता तो, ज्याचा भाऊ परवाच पटकीनं गेला होता. हातात काठी. "काय घावलं, सायेब?"

गोविंदरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी मीच बोलले, "कठडा फुटलाय. वरचं पाणी आत मुरतंय. आत्ताच्या आत्ता बुजवायला हवा."

गोविंदरावांनी माझ्याकडं, त्या काठीकडं बघितलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "दगड आणा रे!"

पारूबाईंना बाजूला नेऊन सगळं समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे, म्याच केलं?"

"मावशी, तुमची सून आजारी पडायच्या आधीच दोघं गेली होती. सगळं गाव इथंच धुतं. आता कपडे उकळायचे, विहिरीपासून लांब धुवायचे. सुनेला आधी गाडीत घाला."

आमच्याच बैलगाडीतून तिला नळदुर्गच्या दवाखान्यात पाठवलं. गाडी परत येईपर्यंत कठड्याचे दगड बसले, फट चिखलानं लिंपली, पावडर पुन्हा पडली. दिवस कलताना गाडीवान परतला. "सलाईन लावलंय. डोळं उघडलं तिनं." पारूबाईंनी लुगडी उकळायला चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी पाणी सकाळीही पिवळं झालं, दुपारीही.

घरी आईनं मला अंगणातच थांबवून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, मगच आत घेतलं. आता टाक्यांमध्ये सेन्सर बसवतात. पाणी बिघडलं की मोबाईलवर कळतं. चांगलंच आहे. मला मात्र नळीआधी आठवतो तो काठी घेतलेला माणूस, आणि ओल्या लुगड्याचा पिळा घट्ट धरून उभ्या असलेल्या पारूबाई. हे त्यांचं खरं नाव नाही. ते मी अजूनही सांगत नाही.