दुमडलेलं पान

कपाट आवरताना दादाचं जुनं कॉमिक हाती आलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर मुखवटेवाला नायक गच्चीच्या कठड्याला लोंबकळतोय आणि शत्रू वरून विचारतोय, "मुखवटा काढला तर तू कोण?"

ऐन संकटात पान दुमडून ठेवायची दादाची खोडच होती. मी चिडले की हसायचा, "राहू दे गं त्याला लटकत. उद्या सोडवू."

या पानाचा उद्या उजाडण्याआधीच दादा गेला. आता कुणी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?" की मीही त्या नायकासारखी लटकून राहते. धाकटी म्हणायचं, तर कुणाची?

कॉमिक तसंच मिटून ठेवलं. पान उलटलं तर तो बिचारा सुटेल. पण मग दादाची वाट बघणारी मी एकटीच उरेन.