अक्काची वीस मिनिटं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मूर्खपणा सगळा माझाच, पण शेवटाला पोचलो की मला काही हसू येत नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. घर हुबळीला, कॉलेज धारवाडला. सरांनी वर्गात सांगितलं, जो जोरात धावतो त्याचं घड्याळ हळू चालतं. प्रकाशाच्या वेगाजवळ पोचला तर तो जवळजवळ म्हातारा होतच नाही, घरी उभा राहिलेला मात्र पिकतो! झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला.

आई गेल्यावर मला वाढवलं ते अक्कानं. लग्न होऊन, नवऱ्याच्या नोकरीपायी, ती त्या दिवशी पावणेचारच्या गाडीनं आसामला निघाली होती. परत येणार ती तीन वर्षांनी. आणि मी काय करावं? सकाळी भिंतीवरच्या घड्याळाशी मनगटावरचं जुळवलं आणि मित्राची फटफटी पिटाळत धारवाडला जाऊन आलो.

आलो, बघतो तर काय! माझं घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा चक्क वीस मिनिटं मागं!

"अक्का, सिद्ध झालं! धावणारा तरुण राहतो, उभा राहणारा म्हातारा होतो!"

"अरे, ऐक तरी. ते घड्याळ..."

"आधी धारवाडला सरांना सांगून येतो. स्टेशनवरच भेटू!"

दोन शब्द ऐकून घेतले असते तर काय बिघडलं असतं हो माझं?

सरांनी सगळं ऐकलं, चहा पाजला. मग म्हणाले, "एनप्पा, अरे बाबा, जन्मभर फटफटीवर हिंडलास तरी पापणी लवण्याएवढा फरक पडायचा नाही. घरी घड्याळाला कुणी हात लावला, ते बघ जा."

तीन वाजून गेले होते! फटफटी ताणली, तर वाटेत, हुबळीच्या अलीकडं उणकलजवळ पेट्रोल संपलं. ढकलत ढकलत स्टेशन गाठलं, तेव्हा बाकावर आमचे वडील, अप्पा, एकटेच बसले होते. मांडीवर अक्कानं माझ्यासाठी ठेवलेला शेंगापोळीचा डबा.

"तुला कायम उशीर होतो म्हणून अक्कानंच भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढं सरकवले होते रे. आज तरी वेळेत यावास म्हणून. गाडी हलली तरी दारातच उभी होती पोरगी."



तीन वर्षांनी अक्का यायची होती, तर मी दोन तास आधीच स्टेशनवर! उतरली. कानाजवळचे केस पिकलेले.

"अक्का, एवढ्यात पांढरे केस गं?"

"होणारच की! उभा राहणारा म्हातारा होतो, तूच म्हणाला होतास. मी त्या दिवशी गाडीच्या दारात उभीच होते."