पणदऱ्यातले वायफायचे पाटकरी

सावळाराम तात्या आयुष्यभर कालव्यावर पाटकरी होते. चारीचं, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या पाटाचं, दार उघडायचं आणि शेताशेताला पाळीनं पाणी द्यायचं, एवढंच त्यांचं काम. पण तोरा असा, की पाणी जणू यांच्याच घागरीतून निघतंय. ऊस सुकायला लागला की भले भले बागायतदार पणदऱ्यात त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. "तात्या, आमचं जरा बघा की." तात्या पान लावत बसायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत. त्या उत्तर न देण्यातच त्यांची सगळी हयात गेली, आणि फार सुखात गेली.

निवृत्त झाल्यावर दाराची चावी दुसऱ्याकडं गेली आणि ओट्यावरची माणसंही चावीच्या मागं गेली. तात्या रोज इस्त्रीचा सदरा घालून बसत, रस्त्यानं जाणारे लांबूनच हात वर करत.

त्यांची सून उत्कर्षा वरकुट्याची, म्हणजे कालव्याच्या पार शेवटाची. तिकडं अशा पाटकऱ्यांची वाट बघण्यात तिच्या वडिलांचे केस पिकले होते. ती बारामतीला कॉम्प्युटर शिकलेली. "सुनेनं यष्टीनं नोकरीला जायाचं न्हाय," असा तात्यांचा हुकूम झाला होता, आणि तिचा नवरा रणजित वडिलांपुढं मान हलवण्यापलीकडं काही शिकलाच नव्हता. म्हणून तिनं घरी बसून करायचं काम शोधायला घेतलं आणि हट्टानं वायफाय लावून घेतलं.

बसवायला आलेल्या माणसानं एक घोटाळा केला. राउटरच्या सेटिंगचं पान कसं उघडायचं, ते त्यानं घरातला कर्ता माणूस म्हणून तात्यांना दाखवलं. घरातल्या प्रत्येक फोनला राउटर आकड्यांचा एक पत्ता देतो, पत्ता मिळाला तरच नेट चालतं, आणि कुणाला द्यायचा ते इथून ठरवता येतं, असं तो सहज बोलून गेला. तात्यांचे डोळे लकाकले. म्हाताऱ्याला पुन्हा दार सापडलं होतं!

दुसऱ्या दिवसापासून घरात नेटची पाळी सुरू झाली. राउटरमध्ये शेकड्यानं पत्ते मोकळे होते, पण तात्यांनी घरातल्या माणसांपुरतेच ठेवले आणि बाकीचे बंद करून टाकले. पहिला पत्ता स्वतःला, मग टीव्हीला, मग रणजितला. बायको सारजाबाईंचा नंबर टीव्हीच्याही खाली. सून घरात सगळ्यात शेवटी आली, म्हणून तिचा लॅपटॉप शेवटाला.

"तात्या, पत्ते काय पाण्यासारखे आटत न्हाईत. मोकळे सोडा की," उत्कर्षा म्हणाली.

"मोकळं सोडलं की मानसं माजत्यात," तात्या म्हणाले. "तुला न्हाय कळायचं त्यातलं."

कळत तर तिला सगळंच होतं. घरात नेट भरपूर होतं, तुटवडा फक्त तात्यांच्या मोठेपणाचा होता. पण ती गप्प राहिली, कारण पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत लॅपटॉपवरच होणार होती आणि हे काम घरात बसून करायचं होतं. तात्यांच्या हुकमाला वळसा घालून जाणारी तिच्यापुढं ही एकच वाट होती. आदल्या दिवशी तिनं तात्यांना चहा नेऊन दिला आणि म्हणाली, "उद्या सकाळी तेवढं सेटिंगला हात लावू नका."

तात्यांनी चहा संपवला, मिशा पुसल्या आणि मोठ्या मनानं म्हणाले, "बरं, बघू."

दुसऱ्या दिवशी मुलाखत सुरू झाली. समोरच्या बाई शांतपणे ऐकत होत्या, उत्कर्षाचा आवाज सुटला होता. तेवढ्यात अंगणात मोटार थांबली. तात्यांचे जुने साहेब, नीळकंठराव, लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. साहेबांना पाहून तात्यांचा कणा जुन्या सवयीनं आपोआप वाकला.

"हितं रेंज नाही का हो?" साहेबांनी फोन हलवत सहज विचारलं.

झालं! साहेबांनी तोंड उघडलं की आधी त्यांच्या माणसांचं रान भिजवायचं, हे तात्यांच्या अंगात मुरलेलं. मोकळा पत्ता एकही नव्हता, कारण ह्या शहाण्यानंच ठेवला नव्हता. पाणी कमी पडलं की शेवटाचं दार बंद करायचं, हेच त्यांना येत होतं. त्यांनी चष्मा चढवला, फोनवर सेटिंगचं पान उघडून यादीतलं शेवटचं नाव खोडलं आणि साहेबांचा फोन तिथं बसवला.

आत समोरच्या बाईंचा चेहरा थिजला आणि नाहीसा झाला.

उत्कर्षा बाहेर आली. तात्यांच्या हातातला फोन आणि साहेबांच्या हातातला फोन तिनं पाहिला, आणि तिला सगळं समजलं. तिनं आरडाओरडा केला नाही. पदराची पिन काढली, भिंतीवरचा राउटर उतरवला, त्याच्या पाठीमागच्या रिसेटच्या बारीक भोकात ती खुपसली आणि दाबून धरली. राउटरचे दिवे विझले. तात्यांची यादी, पाळी, नंबर, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं.

"अगं, माझी सगळी सेटिंग!" तात्या ओरडले.

"व्हय, तात्या. शेवटाच्या मानसानं दार फोडलं. करा पंचनामा. सायेब हायतच."

साहेब खो खो हसले. ज्यांच्यासाठी सुनेचं पाणी तोडलं, तेच हसले, हे तात्यांना फार लागलं. लागू दे!

दिवे परत लागले. राउटरच्या खाली चिकटवलेला मूळचा पासवर्ड टाकून उत्कर्षा पुन्हा बाईंसमोर बसली. "लाइन गेली होती, आता जाणार नाही," ती म्हणाली. नोकरी तिला मिळाली.

सेटिंगच्या पानाचा पासवर्ड तिनं बदलला आणि पत्ते सगळे मोकळे सोडले. सारजाबाई आता चुलीपाशी बसून बिनधास्त कीर्तन लावतात. एका सकाळी तात्यांनी ते पान उघडायची बरीच खटपट केली. उघडेना. शेवटी सदरा नीट करून ते सुनेच्या दाराशी गेले. ती काम करत होती.

"उत्कर्षा, माझ्या फोनला नंबर दिलास का? कितवा हाय?"

"नंबरच न्हाईत आता, तात्या. ज्याला पायजे त्याला मिळतंय," ती मान वर न करता म्हणाली.

तात्यांनी फोन पाहिला. नेट चालू होतं, केव्हापासूनच चालू होतं. त्यांना कुणीच अडवलं नव्हतं, आणि तेच त्यांना सोसेना.