दाराजवळचं स्टूल

सादिकचाचा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच द्यायची होती, आणि नेमकी तिथंच मी चुकले. दीड महिना झाला, अजून ते मनातून जात नाही.

चाचा हट्टा गावचे, गाद्या भरणारे. आमच्या रुग्णालयात तातडीच्या खोलीत एखादी खाट रिकामी असली की मी नव्या डॉक्टरांचा सराव घेते. रोग्याच्या जागी रबरी पुतळा, बाकी सगळं खऱ्यासारखं. दाबून दाबून पुतळ्याची छाती बसली, म्हणून चाचांना बोलावलं होतं. त्यांनी आत नवा फोम भरला आणि काम झाल्यावरही सराव बघत बसले. शेवटी म्हणाले, "डॉक्टरबाई, समदं बराबर हाय. पण ह्याच्या घरचं माणूस कुटं हाय? आमी तर जीप भरून येतो!"

पुढच्या खेपेपासून घरचं माणूस तेच झाले. दाराजवळच्या स्टूलवरून ओरडायचे, "काय करून राहिले माझ्या लेकराला?" घरच्यांशी बोलणंही आता सरावात धरलेलं; गोंधळलेले डॉक्टर त्यांना बाहेर काढायचे आणि नापास व्हायचे. 'आम्ही खूप प्रयत्न केले' असं कुणी म्हटलं की चाचा चिडायचे. "गोल गोल न्हाई. जिता असंल तर जिता म्हना, गेला असंल तर गेला." वर, "घरच्या माणसाला कडक लाकडावर काहून बसवता?" म्हणत स्टूलसाठी हिरव्या फुलांची छोटी गादी शिवून आणली. भारी हट्टी माणूस, पण मला फार आवडायचा.

त्या दुपारी त्यांच्या मुलाने जीपमधून आणलं तेव्हा चाचांचं हृदय थांबलेलं होतं. आम्ही पाळीपाळीने छाती दाबत राहिलो. औषधं वेळेवर गेली, हात कुठं चुकले नाहीत... पण अर्ध्या तासात मी एकदाही दाराकडे वळले नाही. त्यांची बायको, आमच्या चाची, त्याच गादीवर बसलेल्या. शेवटी त्यांच्यासमोर जाऊन मी म्हणाले, "आम्ही खूप प्रयत्न केले..."

"गेले का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "सरळ सांगा, बाई. घरी बी तेच सांगायचे ते."

"गेले," मी म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं.

परवा पुन्हा सराव होता. स्टूलवर बसायला कुणी धजेना, म्हणून मी बसले. गादी मधोमध जराशी दबलीय. "माझा माणूस कसा हाय?" मी ओरडले. सेनगावची एक नवी डॉक्टर पुतळ्यापासून वळली, माझ्याजवळ येऊन वाकली.

"मावशी, त्यांचं हृदय थांबलंय. आमी ते चालू करून राहिलो. तुमी इथंच बसा, मी सांगत राहते."

एवढंच मला त्या दुपारी चाचींना सांगायचं होतं.