चाळीस वेळा ‘कधीच नाही’

आधी मॅडमचं सांगते, मग माझं. गारखेड्यातल्या त्या मानसोपचाराच्या मॅडम नसत्या, तर मी आज या शहरात नसते. किनवटच्याही पलीकडच्या गावी परत गेले असते आणि भावानं पहिल्या आलेल्या स्थळाला देऊन टाकलं असतं.

कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे. दोनदा खालीच बसले. ईसीजी चांगला आला. सुपरवायझर म्हणाला, “तिसऱ्यांदा बसलीस तर घरीच बस.” डॉक्टरांनी मॅडमकडं पाठवलं.

तिथं आधी फॉर्म दिला. चाळीस वाक्यं, प्रत्येकापुढं चार चौकटी. मी आठवीतून शाळा सोडलेली. वाचता येतं, पण घाबरले की अक्षरं हलायला लागतात. शिवाय काही कबूल केलं तर कंपनीला कळेल, ही भीती. वरपासून खालपर्यंत ‘कधीच नाही’वर खुणा केल्या.

मॅडमनी कागद बघितला. “रडू येतं, कधीच नाही. शांत झोप लागते, तेही कधीच नाही. बाई, तू आहेस तरी कशी?”

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं.

त्यांनी कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. सकाळी काय खाल्लंस? रात्रपाळ्या किती? खोलीला खिडकी आहे का? घरी कधी गेलीस? मग वडील गेल्याचं निघालं. सुट्टी मिळाली नव्हती. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

शेजारी शिकायला आलेली पोरगी बसली होती. “मॅडम, खिडकी, जेवण... हे आपल्याकडं येतं का?”

“ती सगळीच आलीय ना? नुसतं डोकं थोडंच पाठवलंय?”

पुढच्या वेळी त्यांनी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला बोलावलं. ती फुलंब्रीची. “म्याडम, ही म्हणते भूक नाय, अन् डबा मला देते. मी खाते! मला काय ठाऊक, हिचा आजार मी पचवायले म्हणून!”

डॉक्टरांकडून रक्त तपासलं, लई कमी निघालं. गोळ्या, जेवण, बोलणं सगळं बरोबरच सुरू झालं. मॅडमनी डॉक्टरांशी बोलून कंपनीसाठी दिवसपाळीची चिठ्ठी मिळवून दिली. तीत आजाराचं नाव नव्हतं. नोकरी राहिली.

पूर्ण बरी झाले असं नाही. धडधड अजून येते. वडील स्वप्नात अजून स्टँडवर वाट बघत उभे असतात.

मागच्या महिन्यात मॅडम जिन्यात एकट्याच बसलेल्या दिसल्या, डोळे मिटून. “बरं नाही का?” म्हटलं.

“एकाचं ऐकलं आणि उठवेना. मीपण बोलायला जाते गं एकीकडं, दर शनिवारी. नाहीतर हे काम माणसाला खातं.”

मी पाणी आणून दिलं. तेवढंच जमलं.

मॅडमच्या दाराबाहेरच्या बाकावर अजून कुणीतरी फॉर्म धरून बसलेलं असतं. दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म मी आणलाय. भरायचं धाडस होत नाही. पण भरीन. आणि मॅडमना विचारून एक दिवस माझ्या सुट्टीच्या वारी त्या बाकावर मी बसेन, आणि ज्याला अक्षरं हलताना दिसतात त्याला एकेक वाक्य सावकाश वाचून दाखवीन.