पुसलेली दाढी

हरेशला आपल्याच धंद्याची किळस यायची. नवी मुंबईतल्या पावणे गावात, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ. आगरी घरांतल्या हळदी आणि लग्नं टिपण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. नवरी चांगली सावळी, तुकतुकीत असायची. अल्बममध्ये मात्र मैद्याची व्हायची. फोटो छापणारा लॅबवाला सगळ्यांना एकाच डब्यातला रंग फासायचा. कपाळावरची लहानपणची खोक गेली, मावशीच्या सुरकुत्या गेल्या, आणि वर घरची माणसं म्हणायची, "हरेशभाऊ, एक नंबर!" त्याला अगदी मळमळून यायचं. पण पोट त्यावरच होतं, म्हणून गप्प बसायचा.

त्याहून शिसारी यायची ती निशांत हळदीत नाचायचा तेव्हा. निशांत त्याच गावचा, दिवसा उरणला कंटेनर यार्डात कामाला. नऊवारी नेसून, नथ घालून, दाढी पावडरीखाली दडपून तो असा नाचायचा की बायका हातातली कामं टाकून बघत राहायच्या. पुरुषांना मात्र दारू चढली की हात आवरायचे नाहीत. कोणी कमरेला चिमटा काढ, कोणी पदर ओढ. आणि दुसऱ्या दिवशी हेच लोक नाक्यावर त्याला पाहून नाक मुरडणार, पोराबाळांना बाजूला घेणार. रात्री चिमटे आणि सकाळी सोवळं! हातातला कॅमेरा एकेकाच्या टाळक्यात घालावा असं हरेशला वाटायचं.

मग एकदा वाशीतल्या क्लबात त्यानं निशांतचा स्वतःचा कार्यक्रम पाहिला. तिथं निशांत दाढी लपवत नसे. कोरलेली काळीभोर दाढी, तिच्यात चमकी, वर नथ. गाण्याच्या ठेक्यावर तो एकेक दागिना उतरवायचा, मग शालू, मग गंगावण. प्रेक्षकांना खेळवत, चिडवत, मध्येच पाठ फिरवून. शेवटी उभा राहायचा तो यार्डाच्या निळ्या गणवेशात. शिट्ट्या मारणारे तिथं गप्प व्हायचे. ही कला होती, आणि गावातल्या एकाही शहाण्याला तिची किंमत नव्हती. हरेश वर्षभर तिथं जाऊन फोटो काढत राहिला. या फोटोंना शिवताना त्याला मळमळत नव्हतं.

वाशीच्याच एका कलादालनानं प्रदर्शन ठरवलं. निशांतला त्यात एकच माणूस यायला हवं होतं, त्याची आई. सत्यभामा त्याच्याशी जेवणाखाणापुरतं बोलायची. पोरगा तिकडं जाऊन कोणी दुसरीच होतो, एक दिवस आपला निशांत उरायचाच नाही, ही भीती तिच्या पोटात घर करून होती. "आये, मी मीच असतो त्या नाचान, एकदा येऊन बघ तरी," असं विनवून विनवून त्यानं तिला तयार केलं.

"दादा, आता सगला तुज्या फोटोंवर हाय," तो हरेशला म्हणाला.

हरेशनं फोटो निवडले आणि पाठवले त्याच लॅबला. दुसऱ्याशी ओळख होती कुठं? लग्नसराई डोक्यावर होती. एका हळदीतून दुसरीकडं पळता पळता त्यानं फोनवर सांगितलं, "मोठे प्रिंट, फ्रेम करून डायरेक्ट वाशीला टाक. बाकी नेहमीसारखं."

उद्घाटनाला तो धापा टाकत पोचला आणि दारातच थिजला. भिंतीभर मैद्याच्या बाया! दाढी पुसलेली, कंठमणी बुजवलेला, गाल गुलाबी. निळ्या गणवेशावरही तोच गोरा, गुळगुळीत मुखडा. दालनाच्या सुचिता मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या, "खरीच बाई वाटते ना? काय फिनिशिंग आहे!"

लॅबवाल्याला शिव्या घालायचीही सोय नव्हती. नेहमीचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? ज्या घाणीवर तो इतकी वर्षं थुंकत आला, तीच त्यानं आपल्या हातानं निशांतच्या तोंडाला फासली होती.

सत्यभामा चष्मा लावून एकेका फ्रेमपुढं थांबत होती. निशांत तिच्यामागं मान खाली घालून चालत होता. शेवटची फ्रेम संपल्यावर ती वळली.

"यान माजा पोर कुठं हाय? मना बोललास मीच असतो. घरान दाढी, न इथं ही बाय. खोटा बोललास तू."

"काकी, त्याची काय चूक नाय." हरेशनं घाईघाईनं फोन पुढं केला. "हे बघा, खरा फोटो हा. दाढी हाय. ती लॅबवाल्यानं पुसली."

तिनं फोनकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मग हरेशकडं.

"फोनान काय पन करतान. माज्या भाचीला तूच गोरी केलीस ना? आमी सगल्यांनी तुजी वाहवा केली. आता तुजा कंचा फोटो खरा मानू?"

सत्यभामेनं निशांतच्या हातातली आपली पिशवी काढून घेतली आणि ती एकटीच बस पकडायला निघून गेली.